घराखालची रांगोळी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणी ना कुणी आपल्या कामाबद्दल लिहितं. आतापर्यंत चिप डिझाइन करणारे झाले, हृदयाच्या झडपा बदलणारे झाले, एक निवृत्त शास्त्रज्ञही झाले. यंदा संपादकांचा मला फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिली शंका ही आली, की दुसरं कुणी तरी आयत्या वेळी नाही म्हटलेलं असणार. मी तसं विचारलंही. ते जरा चाचरले, म्हणजे शंका बरोबर होती. तरी मी हो म्हटलं. मी जिथे तेवीस वर्षं काम केलं तिथे या अंकाचा एकही वाचक गेलेला नसणार, आणि गंमत म्हणजे ती जागा निम्म्या वाचकांच्या पायाखालीच आहे.

मी लोकांच्या घराखाली सरपटत जाऊन ओल शोधायचे. होय, घराखाली. आणि होय, सरपटत.

ज्यांनी अमेरिकेत फक्त अपार्टमेंट पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगते. आमच्या सनीव्हेलमधली जुनी बैठी घरं जमिनीवर बसवलेली नाहीत, जमिनीपासून हात-दीड हात वर उचललेली आहेत. काँक्रीटचे ठोकळे, त्यावर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर तुमचा सोफा. मधल्या पोकळीला क्रॉल स्पेस म्हणतात. खाली उघडी माती, वर पाण्याचे पाइप, हीटरची गरम हवा नेणारे जाडजूड डक्ट, कोळ्यांची जाळी आणि कधी कधी मेलेला उंदीर. आत जायचं दार बहुतेक वेळा बेडरूममधल्या कपाटाच्या तळाशी असतं, चपलांच्या ढिगाखाली. मातीतून वाफ वर येते, पाइप गळतात, भिंतीतले झरोके बुजतात, आणि मग लाकूड भिजायला लागतं. दोन सुया असलेला एक छोटा मीटर असतो, तो तुळईत टोचायचा. लाकडातल्या ओलीचा आकडा वीस टक्क्यांच्या वर गेला की बुरशी, नंतर कूज, आणि मग एक दिवस बाथरूममध्ये उभं राहिल्यावर पायाखालची जमीन मऊ लागते. आमचं काम म्हणजे पाणी कुठून येतं ते शोधणं, ते थांबवणं, मातीवर जाड प्लास्टिक अंथरणं आणि लाकूड वाळवणं.

यात मी कशी पडले ते थोडक्यात. नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून मी सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. लग्न होऊन इथे आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती, सात वर्षं मी पोळ्या लाटल्या. ग्रीन कार्ड आलं तेव्हा पस्तिशी उलटली होती. घरं विकण्याआधी तपासून देणाऱ्या एका म्हाताऱ्या होम इन्स्पेक्टरला मदतनीस हवा होता. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी चार फूट अकरा इंच, वजनही बेताचं. तो म्हणाला, "तू कपाटातून आत जाशील." माझा डिप्लोमा त्याने बघितलाही नाही. पुढे मी माझी स्वतःची दोन माणसांची कंपनी काढली.

संशयी मी मुळातच होते असं आई म्हणायची. भाजीवाल्याने काटा मारला तर मला पाठ करूनही कळायचं. पण धंद्याने या गुणाला धार आली, कारण घराच्या बाबतीत माणसं सहज खोटं बोलतात. एका घरी विक्रेत्या बाईंनी सगळीकडे सुगंधी मेणबत्त्या लावल्या होत्या. एक असती तर मी दुर्लक्ष केलं असतं, पण नऊ होत्या. मी सरळ कपाटात गेले. खालच्या दारावर कोरं कार्पेट खिळ्यांनी ठोकलेलं. "तिथे काही नाहीये हनी," बाई म्हणाल्या. खिळे काढले तर खाली चार पंखे घरघरत होते, ओल गिऱ्हाइकांपुरती वाळवायला ठेवलेले. दुसऱ्या एका घरात पाच आयटीवाली मुलं राहायची. त्यांना वाटत होतं पाइप फुटलाय. प्रत्यक्षात कपडे वाळवायच्या मशीनची नळी खाली निखळून पडली होती आणि पाच जणांच्या जीन्सची वाफ दर शनिवारी घराखाली पाऊस पाडत होती. "निखळली कशी?" मी विचारलं. पाचही जण म्हणाले, आम्ही तर तिकडे कधी गेलोच नाही. खाली क्रिकेटचा टेनिस बॉल पडलेला होता आणि झरोक्याची जाळी वाकवलेली होती. मी तो बॉल टेबलावर ठेवला तेव्हा कुणी माझ्याकडे बघेना.

तर अशी मी. लाकूड खोटं बोलत नाही आणि माणसं बोलतात, एवढ्या भांडवलावर माझा धंदा चालला. आणि चांगला चालला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. वाईट या गोष्टीचं वाटतं, की याच भांडवलावर मी राऊलला घालवलं.

राऊल मूळचा मेक्सिकोचा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. पाइपचं काम असं करायचा की सांधा कुठे आहे ते हात फिरवून शोधावं लागे. काम झालं की काळ्या मार्करने पाइपवर तारीख टाकायचा आणि शेजारी एक छोटा क्रूस. अकरा वर्षं तो माझ्याबरोबर होता. मला तो सेन्योरा म्हणायचा. आम्ही दोघंही एकमेकांशी मोडक्या इंग्रजीतच बोलायचो. ते मी इथे मराठीत लिहिते आहे, म्हणून तो जरा अस्खलित वाटेल.

पहिल्या वर्षीच्या दिवाळीची एक गोष्ट आधी सांगायला हवी. ट्रकच्या किल्ल्या घ्यायला तो सकाळी माझ्या घरी आला आणि बूट घालून थेट दारातल्या रांगोळीवरून चालत आला. मी पहाटे उठून लक्ष्मीची पावलं काढली होती. मी इतक्या जोरात ओरडले की नवरा आतून धावत आला. राऊल कानापर्यंत लाल झाला. मग मला वाईट वाटलं. मी त्याला आत बसवून चकली दिली आणि समजावलं, की ही नुसती नक्षी नाही, देवी इथून घरात येते, यावर आम्ही पाय देत नाही. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. त्यानंतर दर दिवाळीला तो पुढच्या दाराने यायचा बंद झाला. बाजूचं फाटक उघडून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून तो स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा. मी हसायचे. दाराच्या कडेने यायला जागा आहे रे, असं सांगायचे. पण तो ऐकायचा नाही.

आता वैराळ्यांचं घर. निखिल वैराळे अमरावतीचा मुलगा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. नवं घेतलेलं जुनं घर. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, बाथरूमच्या दारापाशी फरशी दबते म्हणून. मी खाली गेले. टबच्या निचऱ्याच्या पाइपचा सांधा जुना झाला होता, थेंब थेंब गळत होता. राऊलने सांधा बदलला, आम्ही प्लास्टिक अंथरलं, पंखे लावले, आकडा एकोणतीसवरून चौदावर आणला. मी निखिलला लेखी हमी दिली. माझी हमी या गावात चालत असे.

सप्टेंबर संपता संपता त्याचा पुन्हा फोन. "काकू, इट्स बॅक. दार परत घासतंय खाली."

मी गेले. आकडा अठ्ठावीस. ज्यांना इथली हवा माहीत आहे त्यांना यातली मेख कळेल. मे महिन्यापासून एक थेंब पाऊस पडलेला नसतो, गवत पिवळं पडलेलं असतं, आणि यांच्या घराखालचं लाकूड भिजलेलं.

"सेलरने काहीतरी लपवलंय काकू," निखिल म्हणाला. "आय ॲम टेलिंग यू. किंवा तो नेबर. तो लॉनला सारखं पाणी घालत असतो यार, दुष्काळ चालू असताना."

मला शेजाऱ्याचा संशय पटला. मी दोन सकाळी गाडीत बसून त्याच्या स्प्रिंकलरवर नजर ठेवली. तिसऱ्या सकाळी तो म्हातारा माझ्या काचेवर टकटक करून म्हणाला, बाई, तुम्हाला कुणी पाठवलंय? त्यालाही बहुधा माझ्यासारखीच सवय होती. त्याचं पाणी उताराने दुसरीकडेच जात होतं. मग मी विक्रेत्याचे कागद चाळले. मग शहराच्या पाणीखात्यावर संशय घेतला. शॉवर अर्धा तास सोडून ठेवला आणि राऊलला खाली पाठवलं. तो बाहेर आला आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "सेन्योरा, पाइप कोरडा आहे. पाणी पाइपातून नाही, वरून येतंय."

"वरून कुठून? शॉवर तर आत्ता अर्धा तास चालू होता. आता गळत होतं का?"

"आता नाही."

"मग?"

त्याने खांदे उडवले. आणि त्या खांदे उडवण्यातून माझा संशय शेजाऱ्याला सोडून राऊलवर जाऊन बसला.

कारणं होती, किंवा मी जमवली. गेले दोन महिने तो मंगळवारी आणि गुरुवारी चारच्या ठोक्याला निघून जायचा. फोन आला की ट्रकच्या मागे जाऊन बोलायचा. एकदा मी जवळ गेले तर त्याने एक वही सीटखाली सरकवली. माझ्या डोक्यात हिशेब मांडून झाला. हा स्वतःचं काहीतरी सुरू करतोय, त्याचं माझ्या कामात लक्ष नाही, सांधा याने घाईत बसवलाय, आणि आता वरून येतंय, खालून येतंय अशा थापा मारतोय. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, विचार ना त्याला सरळ." सरळ विचारून खरं कळलं असतं तर माझा धंदा कशाला चालला असता, असं मी त्याला उत्तर दिलं.

मी राऊलला सांगितलं, शुक्रवारी जाऊन तो पाइपचा तुकडा पूर्ण बदलून टाक. आणि त्याला न सांगता गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः खाली गेले.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. गाडीच्या डिकीत इंडियन स्टोअरमधून आणलेली लाल रांगोळीची पिशवी होती. कपाटातल्या दारापासून बाथरूमच्या कोपऱ्यापर्यंत जायला ठोकळ्यांच्या दोन रांगांमधून एकच वाट होती. मी त्या वाटेवर, पांढऱ्या प्लास्टिकवर, दोन हात रुंदीचा रांगोळीचा पट्टा टाकला. माणूस कोपऱ्यात गेला तर पट्टा पुसणारच. दुसरी वाट म्हणजे भिंतीच्या कडेने, हीटरच्या डक्टखालून. ती एवढी अरुंद की मी तिला हिशेबात धरलंच नाही, तिथून मांजरच जावं. पोटावर पडून मी पूड सारखी केली. चिमटीत रांगोळी आली की माझी बोटं सरळ रेघ काढून थांबत नाहीत. पट्ट्याच्या कडेने एक वेल काढून गेली, तिला चार-पाच फुलं आली. मला स्वतःचं हसू आलं. पुसायला हवी होती, पण गुडघा दुखत होता, राहू दिली.

शुक्रवारी दुपारी राऊलचा मेसेज आला, काम झालं. शनिवारी मी खाली गेले. पट्टा जसाच्या तसा होता. वेलीचं एक पानही हललेलं नव्हतं. पट्ट्याच्या अलीकडूनच मी टॉर्च मारला, पलीकडे कोपऱ्यातली तुळई ओलीने काळी दिसत होती. मला अजून काय हवं होतं? मी तिथूनच मागे फिरले.

हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले आहेत, म्हणून पुन्हा लिहिते. मी तिथूनच मागे फिरले. इतकी वर्षं मी हाताखालच्या प्रत्येकाला बजावत आले की शेवटच्या कोपऱ्याला हात लागल्याशिवाय परत यायचं नाही. त्या दिवशी मला माझा पुरावा मिळाला होता, आणि पुरावा मिळाल्यावर पुढे बघायची मला गरज वाटली नाही.

सोमवारी सकाळी ट्रकपाशी मी राऊलला विचारलं, "शुक्रवारी वैराळ्यांकडे कोपऱ्यापर्यंत गेला होतास?"

"हो."

"नक्की?"

"हो, सेन्योरा."

रांगोळीचं मी काही बोलले नाही. समोरच्याला आपल्याकडचा पुरावा दाखवायचा नाही, त्याला बोलू द्यायचं, हे मी अशाच नऊ मेणबत्त्यांच्या घरांमधून शिकले होते. मी फक्त म्हटलं, "खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर मी काम करत नाही. उद्यापासून येऊ नकोस."

मला वाटलं आता तो चिडेल, शपथा घेईल. त्याने खिशातून ट्रकच्या किल्ल्या काढून बॉनेटवर ठेवल्या, मागून आपले गुडघ्यांचे पॅड घेतले आणि बस स्टॉपच्या दिशेने चालू लागला. भांडला नाही, म्हणजे चोर सापडला, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

आठ दिवसांनी निखिलचा आवाज चढला. "काकू, विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, तुम्ही गॅरंटी दिली होती. मी दुसऱ्या कुणाला बोलवू का?" मी म्हटलं, उद्या सकाळी मी स्वतः येते आणि पाइप बदलते.

सकाळी दार त्याच्या आईने उघडलं. विमलताई, सत्तरीच्या, नुकत्याच न्हालेल्या, केस पुसत असलेल्या. मी त्यांना याआधी कधी पाहिलं नव्हतं, कारण मी येई तेव्हा त्या मंदिरात नाही तर फिरायला गेलेल्या असत. "या या, निखिल ऑफिसला गेला. तुम्ही तुमचं काम करा, माझं जरा बाथरूम आवरायचं राहिलंय," असं म्हणून त्या आत गेल्या. मी कपाटातून खाली उतरले.

माझ्या रांगोळीवरून मीच पोट घासत पुढे गेले. फुलं माझ्या शर्टाला लागली. कोपऱ्यात पोचले, टॉर्च वर केला. पाइपचा नवा कोरा तुकडा. दोन्ही टोकांना नव्या पट्ट्या, घट्ट, खणखणीत कोरड्या. वर मार्करने शुक्रवारची तारीख आणि शेजारी छोटा क्रूस.

मला आधी कळेचना. मी आजूबाजूला टॉर्च फिरवला. भिंतीच्या कडेने, डक्टखाली, प्लास्टिक चुरगळून मातीत दाबलं गेलं होतं आणि त्यावर कोपरांचे खड्डे होते, एकामागे एक, पार दारापर्यंत. डक्टच्या पत्र्याच्या टोकाला निळ्या शर्टाची चिंधी अडकली होती. त्या सांदीतून मलाही जाता आलं नसतं. तो माणूस माझ्या दुप्पट रुंद. पाइप आणि हत्यारं पुढे ढकलत तो त्यातून पोटावर गेला होता आणि तसाच परत आला होता. आणि मधली सरळ वाट, फुलं काढलेली, त्याने सोडून दिली होती.

त्याला रांगोळी दिसली होती. लाल, कडेला वेल असलेली, मी घातलेली. अकरा वर्षांपूर्वी मी त्याच्यावर ओरडले होते की यावर पाय द्यायचा नाही.

मी तिथे पाठीवर पडून होते तेवढ्यात वर बादली आपटल्याचा आवाज झाला. पाठोपाठ मगने पाणी ओतल्याचा, एकदा, दोनदा, दहादा. मग खराट्याने फरशी घासल्याचा खरखर आवाज, आणि विमलताईंचं गुणगुणणं. दोन मिनिटांत टबच्या कडेच्या फटीतून पहिला थेंब माझ्या कपाळावर पडला. मग दुसरा. मग सलग धार लागली. राऊलने सांगितलेलं, पाणी वरून येतंय. शॉवरचं नव्हे, कारण शॉवर टबात पडतो. हे फरशीवर ओतलेलं पाणी होतं. आणि मी खाली पडून त्यात भिजत होते, आणि सांगायला लाज वाटते, रडत होते.

कपाटातून बाहेर आले ती चिखलाने माखलेली. विमलताई घाबरल्या. "अगं बाई, काय झालं?"

"मावशी, तुम्ही बाथरूम रोज धुता?"

"म्हणजे काय, आंघोळीनंतर चार बादल्या तरी टाकायला नकोत? नुसतं पुसून का कुठे बाथरूम स्वच्छ होतं? ऑगस्टच्या शेवटी मी आले ना, तर काय अवस्था होती."

"आणि ते पाणी जातं कुठे?"

"मोरीत."

"इथे बाथरूमला मोरी नसते मावशी. फरशीला भोकच नाहीये."

त्या आत गेल्या, वाकून सगळे कोपरे बघून आल्या. "अगं माय! मग मी रोज एवढं ओतते ते जातं तरी कुठे?"

"आज माझ्या अंगावर," मी म्हटलं.

सहा महिने राहायला आलेली आई घरात आहे का, हे मी निखिलला एकदाही विचारलं नव्हतं. मी शेजाऱ्याची पाळत ठेवली, शहरावर संशय घेतला, पण अमरावतीची बाई बाथरूम धुणारच, हे माझ्यासारख्या नागपूरच्या बाईला सुचलं नाही. माझी आईही धुवायची. विमलताईंनी संध्याकाळी स्वतःच निखिलला सगळं सांगितलं आणि वर त्यालाच झापलं, की घर घेताना मोरी आहे का हे बघायला नको होतं का. मी ती फट बुजवली, कुजलेला तुळईचा भाग बदलला, आणि त्यांना लांब दांड्याचा पोछा नेऊन दिला. तो त्यांना अजून आवडत नाही.

राऊल फोन उचलेना. तिसऱ्या दिवशी मी सॅन होजेला त्याच्या घरी गेले. तो गॅरेजमध्ये टेबलाशी बसला होता, समोर तीच वही, आणि स्वतःचा धंदा काढायला लागणाऱ्या कॉन्ट्रॅक्टर लायसन्सच्या परीक्षेचं जाड पुस्तक. मंगळवारी आणि गुरुवारी तो त्याच्याच क्लासला जात होता. तेवढी एक शंका माझी खरी निघाली होती, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. रांगोळी मी टाकली होती, तुला पकडायला. तू गेला नाहीस असं मला वाटलं. मी चुकले. मला माफ कर.

त्याने पेन वहीत ठेवलं. मग म्हणाला, "मला वाटलं तुम्ही त्या घरासाठी काही देवाचं केलंय. लाकूड बरं व्हावं म्हणून. फुलं होती."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस? सांगायचं ना, मी दुसऱ्या बाजूने गेलो म्हणून."

"तुम्ही विचारलंत, गेला होतास का. मी हो म्हटलं. अकरा वर्षं झाली होती सेन्योरा. मला वाटलं, हो पुरेल."

मी त्याला परत ये म्हटलं. भागीदार हो म्हटलं. त्याने पुस्तक मिटलं. "राग नाही," तो म्हणाला, "पण आता तुमच्याबरोबर खाली गेलो तर मला सारखं वाटत राहील, मागून कुणीतरी पूड टाकतंय."

तो परीक्षा पास झाला. आज त्याचे दोन ट्रक आहेत आणि माझी सगळी जुनी घरं मी त्याच्याकडे दिली आहेत. पुढे मी एकटीनेच आणि मिळेल त्या माणसाला घेऊन काम केलं, आणि दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी निवृत्ती जाहीर केल्यावर थांबले. कंपनी बंद केली त्या वर्षीच्या दिवाळीला मी राऊलला फराळाला बोलावलं. तो येतो म्हणाला.

त्या पहाटे मी दारात रांगोळी काढली, पण वेगळी. लक्ष्मीची पावलं दोन्ही बाजूंना घेतली आणि मधोमध दोन हात रुंद वाट मोकळी ठेवली, झाडून, पुसून. त्याने एकदा तरी पुढच्या दाराने घरात यावं, एवढंच माझ्या मनात होतं. नवरा म्हणाला, आता जाऊन बस. पण जित्याची खोड, मी खिडकीच्या पडद्याआड उभी राहिले.

त्याचा ट्रक लागला. तो उतरला, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात गोड पावांची पिशवी घेऊन. पायऱ्यांपाशी येऊन थांबला. मोकळ्या वाटेकडे त्याने खूप वेळ पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. मग तो वळला, बाजूचं फाटक उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारावर टकटक झाली.

मी दार उघडलं. "अरे, पुढे तुझ्यासाठी वाट ठेवली होती मी."

"दिसली," राऊल म्हणाला. बूट काढता काढता तो हसला, अगदी मनापासून, त्यात टोचणारं काही नव्हतं. "मला वाटलं, मी कुठून येतो ते बघायला ठेवली असेल."

मी त्याला ताट दिलं. चकली कुरकुरीत झाली आहे असं तो दोनदा म्हणाला, आणि माझ्या मनात आलं, हा उगाच तर म्हणत नसेल ना.